भिंगबाई आणि कण्हेरीच्या गाठी

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात बाग सांभाळणाऱ्या त्या बाईंना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं एक भिंग सदा लोंबत असायचं, म्हणून त्या सगळ्यांच्या भिंगबाई. पंपावरची माणसं, गेटवरचा पहारेकरी, वसाहतीतली पोरंटोरं, सगळी तेच म्हणायची. नवरा त्याच केंद्रात पंप चालवायचा. तोसुद्धा घरी ताटावर बसला की हाक मारायचा, "भिंगबाई, वाढताय ना?" आणि बाई आतून म्हणायच्या, "आधी जीभ दाखवा."

ते भिंग मिळालं होतं प्रयोगशाळेतल्या केमिस्ट मॅडमकडून. कडेला तडा गेला म्हणून मॅडमनी ते टाकायला काढलं होतं. बाईंनी मागून घेतलं, आणि त्या दिवसापासून केंद्रातल्या एकाही झाडाची त्यांच्यापासून सुटका झाली नाही. पान उलटं करून, देठ वाकवून, खोडाच्या बुंध्याशी चक्क पालथं पडून त्या बघत बसायच्या. सुरुवातीला लोक हसले. मग हळूहळू घरच्या कुंड्या घेऊन येऊ लागले.

एकदा वसाहतीतल्या एक काकू जास्वंदीचं पान पाकिटात घालून घेऊन आल्या. पान काळं मिट्ट, चुलीतून काढल्यासारखं.

"याला काही औषध सांगा."

"पान नको, झाड दाखवा."

"अहो, पण आजार पानालाच झालाय ना?"

"डॉक्टरकडे जाताना तुम्ही नुसती करंगळी पाठवता का?"

काकू हसल्या आणि त्यांना घरी घेऊन गेल्या. बाईंनी झाडाला हात लावायच्या आधी प्रश्नांची सरबत्ती केली. पाणी कधी घालता, खत कधी घातलं, भिंतीला रंग कधी दिला, कुंडी इथेच होती की हलवली. मग पानावरचं काळं अंगठ्यानं पुसलं. खालून हिरवंगार पान निघालं. काजळी नुसती वर बसलेली. बाईंनी मान वर केली. शेंड्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके होते आणि खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली.

"हे पांढरं दिसतंय ना, तो पिठ्या ढेकूण. तो रस पितो आणि चिकट पाणी खाली सोडतो. त्या चिकटावर ही काजळी वाढते. काळ्याच्या मागे लागू नका, पांढऱ्याला घालवा. साबणाच्या पाण्याचा जोरात फवारा मारा, पानांच्या खालून. आणि खोडाला ग्रीसचा पट्टा लावा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. त्या याची राखण करतात."

तीन आठवड्यांत जास्वंद धुतल्यासारखी झाली.

गेटजवळच्या गुलमोहराचंही असंच. त्याची एक बाजू वाळत चालली होती, आणि पहारेकऱ्यानं स्वतःच निदान करून टाकलं होतं की झाडाला वाळवी लागली. बाईंनी खोडाभोवती बोट फिरवलं, छातीच्या उंचीवर थांबल्या आणि सालीच्या वळीतून एक गंजलेली तार उकरून काढली. कोणे एके काळी कुणीतरी दोरी बांधायला ती गुंडाळली होती. झाड जाड होत गेलं, तार आत रुतत गेली.

"गणवेश वाळत घालत होतात ना इथे? बघा, गणवेश वाळले आणि झाडही वाळलं."

पहारेकऱ्यानं कानावर हात ठेवले, पण त्याच संध्याकाळी पक्कड आणून तार तुकड्यातुकड्यांनी त्यानंच काढली.

हे सगळं बाई शिकल्या सासऱ्यांकडून. सासरे केंद्राचे पहिले माळी. बाई लग्न होऊन आल्या आणि रोजावर पाणी घालायला लागल्या, तेव्हा सासऱ्यांनी वर्षभर सुनेला एकही आजारी झाड दाखवलं नाही. रोज सकाळी एका धडधाकट झुडपासमोर उभं करायचे. "काय दिसतं ते सांग," म्हणायचे. पानाच्या शिरा किती, जुनं पान कोणत्या महिन्यात पिवळं पडतं, साल कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत. बाई कंटाळायच्या. एकदा धीर करून म्हणाल्या, "मामंजी, रोग कधी शिकवणार?"

"निरोगी झाड पाठ झालं की शिकवीन. घरातलं माणूस आजारी आहे हे तुला कसं कळतं? ते बरं असताना कसं चालतं, कसं बोलतं, ते माहीत असतं म्हणूनच ना?"

सासरे आता ऐंशीच्या पुढे गेले होते. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी सून घरी आली की आधी विचारायचे, "कण्हेर कशी आहे?"

कण्हेर म्हणजे केंद्राचं कुंपण. टाक्यांपासून लांब, रस्त्याकडच्या भिंतीलगत गेटपासून पंपघराच्या कोपऱ्यापर्यंत एकशे चाळीस झुडपांची एकच रांग. सगळी सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. रस्त्यावरची धूळ अडवायची, विषारी म्हणून शेळ्या तोंड लावायच्या नाहीत, आणि फुलली की समोरच्या थांब्यावर बसची वाट बघणारी माणसं बस चुकली तरी फारशी चिडत नसत.

त्या वर्षी त्याच कुंपणाला गाठी आल्या.

आधी एकदोन फांद्यांवर वाटाण्याएवढे फोड दिसले, हिरवट, मऊ. महिन्याभरात ते तपकिरी झाले, टणक झाले, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे खडबडीत फुटले. फांद्या गाठीपासून वर वाकड्या होऊ लागल्या, काहींचे शेंडे सुकले. साहेबांना, म्हणजे केंद्राच्या मुख्य अभियंत्यांना, हे रोज गाडीतून येता-जाता दिसायचं. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल आठवड्याच्या आत हवा असायचा. त्यांनी कुठूनतरी बुरशीनाशकाची पावडर मागवली आणि दोनदा फवारून घेतली. बाई म्हणाल्या, "साहेब, आधी बघू द्या काय आहे ते." साहेब म्हणाले, "बघत बसलो तर कुंपण जाईल." फवारून झाल्यावर गाठी कमी झाल्या नाहीत.

मग साहेबांना दुसरं कारण सापडलं. त्याच सुमाराला कुंपणालगत नव्या पाइपासाठी चर खणला गेला होता. खोदकामाच्या मुकादमाच्या माणसांनी तिथे डांबर नाहीतर तेल ओतलं असणार, असं साहेबांच्या मनानं घेतलं. मुकादम बिचारा शपथा घेऊन थकला. त्याचं काम काढून घेण्याचं पत्र टाइप करायला गेल्याची बातमी दुपारपर्यंत केंद्रभर झाली.

बाईंनी त्या आठवड्यात दुसरं काम हातात घेतलंच नाही. एक गाठ कापून भिंगाखाली धरली. आत अळी नाही, बोगदा नाही, विष्ठा नाही. म्हणजे किडा नव्हे. मग ती गाठ घेऊन त्या केमिस्ट मॅडमकडे गेल्या. मॅडमच्या टेबलावर पाण्यातलं शेवाळ बघायचा सूक्ष्मदर्शक होता. बाईंनी ब्लेडनं गाठीचा पातळ काप काढला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला. मॅडमनी डोळा लावला आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे बघा तुम्हीच."

कापाच्या कडेतून धुरासारखं काहीतरी पाण्यात सुटत होतं.

"धागे दिसत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बुरशी असती तर धागे दिसले असते. हे जिवाणू वाटताहेत. खात्रीसाठी कृषी प्रयोगशाळेला नमुना पाठवते."

"जिवाणू सालीतून आत जातील का आपले आपण?"

"माझ्या माहितीप्रमाणे नाही. जखम लागते. आणि ओल."

जखम आणि ओल. बाई हे दोन शब्द घेऊन कुंपणाशी परत आल्या. खडू घेतला आणि गेटपासून भिंतीवर एकेका झुडपासमोर आकडा लिहीत, गाठी मोजत चालू लागल्या. पहिल्या पंचवीस झुडपांवर एकही गाठ नाही. सव्विसावं झुडूप गाठींनी भरलेलं, अगदी बुंध्यापर्यंत. सत्ताविसावं तसंच. तिथून पुढे गाठी थोड्या थोड्या कमी होत गेल्या. अठ्ठ्याहत्तराव्यावर तीन. आणि एकोणऐंशीपासून थेट शेवटापर्यंत पुन्हा काही नाही. कुंपण एकदम स्वच्छ.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. चर तर एक ते एकशे चाळीस असा सगळ्यांच्या मुळाशी सारखाच खणलेला होता. वाऱ्यानं काही आलं असतं तर सव्विसाव्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं असतं. हे एकाच दिशेनं चालत गेलं होतं, गेटकडून पंपघराकडे. गेटकडून पंपघराकडे कोण जातं?

त्या स्वतः. छाटणी करत. वर्षानुवर्षं त्याच दिशेनं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. सव्विसावं झुडूप गेल्या वर्षी एका ट्रकनं मोडलं होतं. त्या जागी रोपवाटिकेतून आलेलं नवं रोप त्यांनीच लावलं होतं, घाईत, बुंध्याशी न बघता. आता बुंध्याशी बघितलं तर सगळ्यात जुनी, काळी पडलेली गाठ तिथे होती. आणि अठ्ठ्याहत्तर? छाटणीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कात्री फांद्या कापायच्याऐवजी चघळायला लागली होती, म्हणून त्यांनी काम थांबवून ती धारवाल्याकडे दिली होती. चार दिवसांनी घासूनपुसून, तेल लावून परत आलेल्या कात्रीनं त्यांनी एकोणऐंशीपासून पुढे सुरुवात केली होती.

गाठी प्रत्येक झुडपावर जिथे होत्या तिथे कात्रीचा काप होता. भिंगाशिवायसुद्धा दिसत होतं.

त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही. गप्प राहणं किती सोपं होतं! मूग गिळून बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? खापर फोडायला मुकादमाचं डोकं तयारच होतं. बाईंना ते सुचलं नाही असं नाही. पुढे त्यांनीच केमिस्ट मॅडमना सांगितलं की तासभर तरी आपण तोच विचार करत बसलो होतो. पण पत्र सहीसाठी आत गेलंय असं कळल्यावर त्या उठल्या, हात धुतले आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. मुकादम दाराशी मान खाली घालून उभा होता.

"साहेब, सही करू नका. यांचा काही दोष नाही. कण्हेरीला रोग मी लावला."

साहेबांनी चष्मा काढला. "काय बोलताय ते कळतंय ना?"

"कळतंय. रोगट रोप न बघता मी लावलं, आणि त्याला लावलेली कात्री तशीच पुढच्या बावन्न झुडपांना लावत गेले. मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच. चला, दाखवते."

साहेब आले. खडूचे आकडे पाहत गेटपासून एकोणऐंशीपर्यंत चालले, आणि परत आले. मुकादमाचं पत्र त्यांनी फाडलं. बाईंना मात्र लेखी ताकीद दिली. बाईंनी ती घेतली, सही केली. त्यात न कबूल करण्यासारखं काही नव्हतंच.

त्याहून अवघड गोष्ट घरी होती. छाटणीच्या आधी कुंपणावर पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही आणि पातं सरसर चालतं, ही रीत सासऱ्यांची. ओल तिथूनच आली होती. बाईंनी ठरवलं होतं की हे म्हाताऱ्याला सांगायचं नाही. पण सगळं ऐकून झाल्यावर सासऱ्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "पाणी मारून कापलंस?"

बाई ताट वाढायला उठल्या.

"मी विचारतोय."

"हो, मामंजी."

"मीच शिकवलं ते." थोडा वेळ खुर्चीचा हात बोटांनी चाचपत बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं चाललं, कारण आपल्याकडे रोगच नव्हता. म्हणून मला वाटलं पद्धत बरोबर आहे. आता मोड ती. माझ्यासाठी ठेवू नकोस."

बाईंनी ती मोडली. फवारे बंद झाले, पाणी फक्त मुळाशी. छाटणी उन्हं वर आल्यावर, पान पूर्ण सुकल्यावरच. दोन कात्र्या घेतल्या: एक हातात, दुसरी स्पिरिटच्या बरणीत. एक झुडूप झालं की कात्री बदलायची. गाठीच्या वीतभर खाली निरोगी लाकडात काप घ्यायचा, आणि कापावर त्याच दिवशी मोरचूद-चुन्याचं निळं पाणी लावायचं. स्पिरिट प्रयोगशाळेतून यायचं. पूर्वी पाच दिवसांत होणाऱ्या कामाला बारा दिवस लागू लागले.

कापलेल्या फांद्या जाळून टाकू, असं कुणीतरी सुचवलं. बाई ओरडल्याच. "कण्हेर आहे ती! धूर छातीत गेला तर दवाखान्यात भरती व्हाल." खोल खड्डा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर आल्या तर मुकादम आपली चार माणसं घेऊन आधीच खणत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "किती खोल हवाय ते सांगा," एवढंच म्हणाला.

दरम्यान नमुन्याचा अहवाल आला. जिवाणूच. खाली एक ओळ होती की या रोगाला हमखास औषध नाही. बाईंनी गाठींनी भरलेली तेवीस झुडपं मुळासकट काढायचं ठरवलं, बाकीची छाटून राखायची. ती काढताना त्यांचा नवरा सुट्टी घेऊन मदतीला आला, आणि दिवसभर एकही विनोद केला नाही.

पुढच्या वर्षी नव्या गाळणघराचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी हुकूम सोडला, कुंपण चार दिवसांत एकसारखं कापा. नेमकं आभाळ भरलेलं, पानं ओलीचिंब.

"ओलं आहे, साहेब. कात्री लावता येणार नाही."

"एक ताकीद कमी पडली का?"

"दुसरी द्या. पण सुकल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही."

साहेबांचा पारा चढला, पण दुसरी ताकीद काही आली नाही. कुंपण अस्ताव्यस्त वाढलेलंच राहिलं. कण्हेर फुलते ती नव्या शेंड्यांवर. शेंडे न कापल्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी काढलेल्या झुडपांच्या मोकळ्या सोडलेल्या जागा वगळता सगळी भिंत गुलाबी-पांढरी झाली होती. पाहुण्यांनी गाळणघरापेक्षा कुंपणासमोरच जास्त फोटो काढले. साहेब बाईंकडे बघून नुसतेच हसले, आणि बाईंनीही मोठ्या मनानं काही ऐकवलं नाही.

तिसऱ्या वर्षी गाठी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. कुणी "रोग गेला म्हणायचा" असं म्हटलं की बाई लगेच दुरुस्त करायच्या, "गेला नाही, ताब्यात आहे." त्याच वर्षी एका सकाळी सासरे सुनेच्या खांद्यावर हात ठेवून कुंपणापर्यंत चालत आले. एकेका झुडपाच्या बुंध्यापासून वर बोटं फिरवत, पानं कुरवाळत त्यांनी निम्मी रांग पार केली. एका जागी वाकले आणि मातीलगतची साल चाचपत राहिले.

"ही काय?"

बाई खाली बसल्या. मातीत अर्धी बुडालेली, हरभऱ्याएवढी गाठ. आदल्याच दिवशी त्यांनी हे झुडूप भिंग लावून तपासलं होतं.

"भिंग टाकून दे आता," सासरे म्हणाले, आणि खो खो हसले. बाईही हसल्या, आणि स्पिरिटची बरणी आणायला धावल्या.

सासरे त्यानंतर दोन वर्षांनी गेले. बाई निवृत्त झाल्या, पण केंद्रात त्यांनी घालून दिलेला नियम चालूच आहे: बाहेरून आलेलं प्रत्येक नवं रोप तीन महिने वेगळं ठेवायचं, बुंधा-मुळं तपासायची, मगच जमिनीत लावायचं. आता शहरातल्या उद्यानांचे माळी वर्षातून दोनदा प्रशिक्षणाला येतात, तेव्हा बाईंना बोलावतात. लोकांना वाटतं त्या औषधांची यादी देतील. बाई उभ्या राहतात आणि आधी कण्हेरीची गोष्ट सांगतात, आकड्यांसकट, आपण कुठे घाई केली त्यासकट. ऐकणारे सुरुवातीला अवघडतात. मग कुणीतरी हात वर करून आपली चूक सांगतं, मग दुसरं सांगतं. एकजण म्हणाला, तणनाशकाचा पंप न धुता त्यातूनच गुलाबांना खत दिलं होतं. एरवी ही माणसं तोंड उघडायची नाहीत.

मागच्या वेळी नव्यानं लागलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का?"

"नाही."

"मग?"

"मला कळलं होतं ना."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन चढलं होतं, दव सुकलं होतं. त्यांनी सगळ्यांच्या हातात कात्र्या आणि बरण्या दिल्या आणि त्यांना अंगणातल्या मेंदीच्या रांगेकडे पिटाळलं, कारण छाटणीला तीच वेळ बरी असते.